डावी कूस

सहावा नमुना काखेत मारून मी वेंगुर्ल्यात उतरले
तेव्हा त्याला रबराचा आणि एसटीतल्या बांगड्यांचा,
असे दोन्ही वास येत होते.
रुग्णालयाच्या मागच्या खोलीत यंत्राचा हात
पांढरं कापड पांघरून उभा,
कुठे बसावं ते न कळलेल्या पाहुण्यासारखा.

त्याचं मागणं साधं:
माणूस डावीकडे तीस अंश कललेला,
उजवा हात डोक्याशी, बरगड्या मोकळ्या,
आणि हलायचं नाही.
तो पाच न्यूटननं दाबतो.
म्हणजे किती, शेवंती केळुसकरनं विचारलं.
अर्धा किलो बांगडे पोटावर ठेवले तर जेवढं, मी म्हटलं.
"मगे काय! आमी चाळीस किलो डोक्यार घेतंव."

त्या चाळीस किलोंनीच
तिचा उजवा हात कानापलीकडे जात नव्हता.
माझ्या आराखड्यात सगळ्यांचे हात जात होते.
माझ्या आराखड्यातली बाई बत्तीस वर्षांची, पुण्याची,
आमच्याच ऑफिसातली, सकाळी योगासनं करणारी.

शेवंती रेक्झिनवर निजली, घामानं चिकटली,
पाठीमागची उशी सरकली,
यंत्र थांबलं. लाल दिवा.
पुन्हा निजली. लाल दिवा.
"माजांच चुकता काय गे?"
या प्रश्नाला माझ्या वहीत रकाना नव्हता.

संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी बाबी मेस्ताची होडी
वाळूवर कुशीला पडलेली.
खाली माडाचे ओंडके, एक इथे, एक पार तिथे,
मध्ये एवढी मोकळीक की बाबी आत शिरून
फळ्यांच्या सांध्यांत काथ्या ठोसत होता.
मी मोजपट्टी काढली. तो हसला.
"टेकू खंय लावचो ता होडयेक इचार.
जंय तिका दुखता थंय नको,
जंय तुजो हात जावचो थंय तर नकोच."

रात्री लॉजच्या फरशीवर मीच होडी झाले.
उशी कमरेखाली, टॉवेल गुडघ्यांत,
पाठीशी कपाटाचं फळकूट.
बरगड्यांच्या खाली एक जागा असते,
तिथेच आधार हवाहवासा वाटतो
आणि तिथूनच यंत्राला वाट हवी असते.
पहाटेपर्यंत ती जागा कापत बसले,
करवत नव्हती, ब्रेड कापायच्या सुरीनं.
रेक्झिन सोलून टाकलं. आत काथ्याची गादी,
वर सुती खोळ, रोज उकळता येईल अशी.
हात वर न्यायचाच नाही असं ठरवलं;
पुढे एक लोड, मिठीत धरायला.

सातवा नमुना.
शेवंती लोडाला कवटाळून निजली.
यंत्र बरगड्यांच्या कडेनं सावकाश उतरलं.
पडद्यावर करडं धुकं, धुक्यात पित्ताशय,
त्यात एक खडा, मागे स्वतःची सावली टाकून बसलेला.
ध्वनिमुद्रित बाई म्हणाली, श्वास रोखून धरा.
शेवंतीनं धरला.
आम्ही सगळे खड्याकडे बघत.
किती वेळ गेला कोण जाणे,
वळून पाहिलं तर तिची बोटं लोडात रुतलेली,
चेहरा तांबडा, दिल्या शब्दाला पक्की.
'सोडा' हे मुद्रित करायचं
आम्ही विसरलो होतो.

अहो सोडा, सोडा, मी ओरडले,
आणि ती एवढी हसली
की तीस अंशांचे चाळीस झाले,
लाल दिवा लागला.
उशी मात्र जागची हलली नाही.

पोटावरचं जेल पदरानं पुसत
निघताना तिनं लोड थोपटला.
"ह्यो घराक व्हरूक गावतलो?
चार वर्सां ह्या कुशीर झोप येवक नाय."

नाही, म्हणायला हवं होतं. एकच होता.
वहीत लिहिलं: आठवा नमुना,
लोड दोन बोटं जाड.
आणि खाली, वेगळ्या शाईत: सोडा.